घाबरलेल्या माणसावर खेकसू नये

चि. छकुलीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "बाबा, मीटिंगमध्ये माझी बोलायची पाळी आली की छाती धडधडायला लागते, हात गार पडतात." तेवढ्यावर थांबली असतीस तर मी फार मनावर घेतलं नसतं. पण त्यानंतर बराच वेळ तू स्वतःचीच खरडपट्टी काढत होतीस. एवढं शिकून उपयोग काय, माझ्याहून लहान पोरं बिनधास्त बोलतात, मी मुळातच भित्री. धडधडीवर एक वाक्य आणि स्वतःच्या नालायकीवर अख्खं भाषण! हे पत्र त्या भाषणासाठी आहे.

धडधडीचं आधी उरकतो. धोका आहे असं वाटलं की मेंदूतला अमिग्डला नावाचा छोटासा भाग इशारा देतो. अ‍ॅड्रेनॅलिन नावाचं संप्रेरक रक्तात सुटतं, हृदय जोरात पळू लागतं, कातडीकडचं रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं, म्हणून बोटं गार पडतात. समोर वाघ आहे की साहेब, याची चौकशी करत बसायला अमिग्डलाला सवड नसते. तुझं शरीर बिघडलेलं नाही, नको तिथे जरा जास्तच तत्पर आहे इतकंच. आणि ही लाट कोणी डिवचली नाही तर आपली आपण ओसरायलाही लागते.

डिवचतेस तू. "झालं, परत घाबरलीस!" असं आतून कोणी डाफरलं की मेंदूच्या लेखी तोही एक हल्लाच असतो. मग धडधडीची भीती, भीतीची लाज आणि लाज लपवायची धडपड, असं एकावर एक चढत जातं. पॉल गिल्बर्ट नावाचे एक ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ आहेत. त्यांच्या लक्षात आलं की काही रुग्ण शिकवलेले समंजस विचार स्वतःला अगदी बरोबर ऐकवतात, पण ऐकवतात ते खेकसून. "घाबरण्यासारखं काही नाही" हे वाक्य दरडावून म्हणून बघ, पोटात आणखी गोळा येईल. शब्द बरोबर असून भागत नाही, सूरही बरा लागतो. यावरून पुढे त्यांनी करुणेवर आधारलेली एक उपचारपद्धतीच उभी केली.

तो सूर तुला येत नाही असं मात्र सांगू नकोस. धाकट्याची तोंडी परीक्षा आठव. सकाळी बाथरूमची कडी लावून बसला होता, आई दार ठोठावून दमली. तू दाराबाहेर फरशीवर फतकल मारलीस आणि म्हणालीस, "पोटात ढवळतंय ना? ढवळतंच रे, मलाही ढवळायचं. तोंडावर पाणी मार आणि पहिल्या धड्यातलं काय येतं ते मला आतूनच सांग." थोड्या वेळाने तो आतून उत्तरं द्यायला लागला. मग तू त्याला परीक्षेला सोडून आलीस.

क्रिस्टिन नेफ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००३ मध्ये आत्मकरुणेची तीन अंगं मांडली. जे होतंय ते न फुगवता, न दडपता बघायचं; हे सगळ्यांचंच होतं, आपण एकटे नाही हे ध्यानात ठेवायचं; आणि स्वतःशी मायेनं वागायचं. दाराबाहेर बसून तू तिन्ही केलीस. पण एक गोष्ट विसरू नकोस, तू त्याला घरी ठेवून घेतलं नाहीस. घाबरला म्हणून परीक्षा बुडवू दिली असतीस तर त्या दिवसापुरतं बरं वाटलं असतं आणि पुढच्या खेपेला भीती दुप्पट झाली असती. टाळलं की लगेच सुटल्यासारखं वाटतं, म्हणूनच टाळण्याची चटक लागते.

तुझा आक्षेप मला ठाऊक आहे. असे लाड केले तर मी ढिली पडेन, हेच ना? २०१२ मध्ये ब्राइन्स आणि चेन या दोघी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक अवघड शब्दपरीक्षा दिली. त्यात ज्यांना स्वतःकडे समजुतीने बघायला सांगितलं, ते पुढच्या परीक्षेसाठी इतरांपेक्षा जास्त वेळ अभ्यासाला बसले. मला यात नवल वाटत नाही. चूक कबूल केली की स्वतःचाच मार खावा लागणार हे ठाऊक असेल, तर माणूस चुकीकडे बघेलच कशाला?

आता मीटिंगचं. पाळी यायच्या आधी पाय जमिनीवर नीट टेकव आणि घेतलेला श्वास जरा लांबवून सोड. मनातल्या मनात स्वतःला नावाने हाक मार आणि धाकट्याशी बोललीस त्या सुरात बोल: "धडधडतंय ना, धडधडू दे, पहिलं वाक्य बोल." हे नाव घेण्याचं खूळ माझं नाही. मिशिगन विद्यापीठातल्या ईथन क्रॉस यांच्या प्रयोगात, भाषणाआधी स्वतःशी 'मी' म्हणून न बोलता नावाने बोलणाऱ्यांना त्रास कमी झाला. धडधड थांबेपर्यंत मात्र वाट बघू नकोस. आवाज कापला तर कापला. ऐकणाऱ्यांचं निम्मं लक्ष आपली पाळी कधी येते याकडे असतं.

सुरुवातीला हे नाटकी वाटेल, कदाचित रडूही येईल. वर्षानुवर्षं स्वतःशी कडक वागलेल्या माणसाला आपल्याच गोड शब्दांचा संशय येतो. तसं झालं तर रेटू नकोस, त्या दिवशी नुसता श्वास पुरे.

आणि हे सगळं करूनही आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, कामावर जाणंच नको वाटत असेल, तर पत्रं वाचत बसू नकोस. सरळ डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जा. डॉक्टरांनी गोळी दिली तर घे, चष्मा लागला तेव्हा तू कुठे लाजली होतीस? पहिल्या वेळी सोबत हवी असेल तर आदल्या दिवशी सांग, म्हणजे मला रजा टाकता येईल. फीचं मी बघतो.

तुझा,
बाबा