शनिवारचा मूकपट : ‘द विंड’ (1928)

सदस्यहो, शनिवारी संध्याकाळी ठीक 6 वाजता. दिग्दर्शक व्हिक्टर स्योस्त्रोम, नायिका लिलियन गिश. साधारण 80 मिनिटं, मध्यंतर नाही.

संवादांच्या पाट्या इंग्रजीत आहेत. मराठी तर्जुम्याचा कागद दारातच घ्या आणि आधीच वाचून ठेवा. अंधारात मोबाइल पेटवला की मागच्या तीन रांगांचा पडदा गेला.

गिशच्या चेहऱ्याइतकंच तिच्या हातापायांकडे लक्ष असू द्या. लग्नाच्या रात्री नवऱ्याने दिलेली कॉफी ती कशी गुपचूप ओतून टाकते ते पाहा. मग दाराच्या अल्याड-पल्याड दोघांच्या येरझाऱ्या, आणि पडद्यावर काही वेळ फक्त पावलं. कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटात विमानांचे आठ पंखे लावून वाळू, भुसा आणि धूर तिच्या अंगावर सोडला होता, त्यामुळे ते डोळे मिचकावणं सगळंच अभिनय नाही! शेवट मात्र चिकटवल्यासारखा वाटतो. त्यावर भांडण चहाच्या वेळी.

प्रोजेक्टर सांभाळणाऱ्यांसाठी : चित्र 4:3 (रुंदी : उंची) ठेवा. पडदाभर ताणलं की गिश बुटकी आणि रुंद दिसते. ‘मोशन स्मूदिंग’ (मध्ये जादा चौकटी घालून हालचाल गुळगुळीत करणारी सोय) बंद करा. मूकपट आहे म्हणून वेग सेकंदाला 18 चौकटींवर आणू नका. हा चित्रपट ध्वनिमुद्रित संगीत आणि आवाजांसह प्रदर्शित झाला होता, आपली प्रत 24 ची आहे. 18 वर तो पावणेदोन तास चालेल आणि वादळाचा आवाज दृश्याला सोडून जाईल. स्पीकर साडेपाचला तपासा.