शाळूवर शाळू

मा. संपादक,

स. न. वि. वि.

13 मे रोजी दहावीचा निकाल लागला तेव्हापासून तुमच्या अंकात रोज गुणवंत मुलांचे फोटो येत आहेत. त्यात एक माझ्या धाकट्या मुलीचाही आला. 91.40 टक्के. तिच्या आजीने ते कात्रण देवघरात लक्ष्मीच्या तसबिरीमागे खोचून ठेवलंय आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला काढून दाखवते. त्याबद्दल तुमचे मनापासून आभार. पण महिन्याभरात आमच्या घरातून पेढे दोनदा वाटले गेले. दुसऱ्यांदा कशाचे वाटले, हे कुठल्या अंकात येणार नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

मुलीच्या पाठीवरचा नव्हे, तिच्या वरचा एक मुलगा आहे मला. सतरा वर्षांचा. तो ऑटिस्टिक आहे. मराठीत स्वमग्न म्हणतात. मला तो शब्द कधी पटला नाही. माझा मुलगा स्वतःत मग्न नसतो. पन्हळीतून पडणारं पाणी, गिरणीचा फिरणारा पट्टा, आजीच्या बोटांतून सरकणारी जपमाळ, यांत तो इतका रमतो की त्याच्यापर्यंत जायची वाट आपल्यालाच शोधावी लागते. पण रूढ झालेला शब्द हाच, म्हणून कागदावर तोच लिहिते.

कागदांची तर वेगळीच कथा आहे. 2014 साली त्याचा पहिला दाखला काढला, त्यावर ‘मतिमंद’ लिहून आलं. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते आणि त्यात ऑटिझम नव्हताच, मग लिहिणारा तरी दुसरं काय लिहिणार? पुढे 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आला, सातचे एकवीस प्रकार झाले, आणि नव्या दाखल्यावर पहिल्यांदा माझ्या मुलाच्या अडचणीचं खरं नाव आलं. त्या दाखल्यावर 70 टक्के असं लिहिलंय. मुलीची गुणपत्रिका आणि हा दाखला आता एकाच फाइलीत आहेत. एकीचे टक्के जितके जास्त तितकं कौतुक, दुसऱ्याचे जितके जास्त तितकी सवलत. निकालाच्या दिवसांत भेटेल तो विचारत होता, “किती टक्के?” दर वेळी मला दोन्ही आकडे आठवायचे.

तो साडेतीन वर्षांचा होता तेव्हा निदान झालं. ‘आई नोकरीला जाते म्हणून पोर बोलत नाही,’ असं तोवर निम्म्या भावकीने ठरवून टाकलं होतं. मी एका पतसंस्थेत हिशेब लिहिते, मिस्टर मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहेत. दोघांनी कमावल्याशिवाय आमचं घर चालत नाही. डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं, “आईच्या वागण्याने ऑटिझम होत नाही. लशीनेही होत नाही. मेंदूची घडणच जन्मापासून वेगळी असते.” ते बोलणं मी चौदा वर्षं उराशी धरून आहे.

परीक्षा मंडळ अशा मुलांना दहावीला लेखनिक देतं, तासाला 20 मिनिटं जादा देतं. कितीतरी ऑटिस्टिक मुलं दहावी-बारावी होतात, त्याच्याही पुढे शिकतात. आमच्या मुलाची वाट ती नव्हती. चौथीनंतर साधी शाळा सुटली. आता तो कार्यशाळेत जातो, कागदी पिशव्या करतो.

गेल्या वर्षी 2 एप्रिलला, जागतिक ऑटिझम दिनाच्या निमित्ताने, इथल्याच एका मंडळाने त्याला सत्काराला बोलावलं होतं. बोलावणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मी आधीच सांगते. पण व्यासपीठावर डोळे दिपवणारे फोकस आणि दोन्ही बाजूंना माणसाएवढे स्पीकर. नाव पुकारलं, टाळ्यांचा कडकडाट झाला आणि माझा मुलगा दोन्ही कानांवर हात दाबून स्टेजवर खालीच बसला. पाहुण्यांनी तशातच त्याच्या अंगावर शाल घातली. अंगाला अनोळखी कापड लागलं की त्याला भाजल्यासारखं होतं. तो ओरडला, कॅमेऱ्याचा फ्लॅश उडाला, आणि दुसऱ्या दिवशी एका दैनिकात फोटो आला, वर मथळा, ‘अपंगत्वावर मात करणाऱ्या मुलांचा गौरव’.

संपादक महोदय, त्याने काय केलं म्हणून हा गौरव, हे आम्हाला कुणीच विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. त्याच मार्चमध्ये तो आयुष्यात पहिल्यांदा न्हाव्याच्या खुर्चीवर केस पूर्ण कापून होईपर्यंत बसला होता. त्याआधी नऊ वर्षं आम्ही तो गाढ झोपला की कात्री घेऊन बसायचो, मिस्टर बॅटरी धरायचे आणि मी एका अंगाचे केस कापून तो कूस बदलायची वाट बघायची. हे कुणाला ठाऊक असतं तर त्या सत्काराला अर्थ आला असता. त्याला नुसता तिथे असण्याबद्दल नारळ मिळाला.

आता मुलीचं सांगते. 13 मे, मंगळवार. मी अर्धी रजा टाकून घरी आले होते. एक वाजता निकाल आला. मुलगी स्वयंपाकघरात आली, मोबाइल ओट्यावर माझ्यासमोर ठेवला आणि दोन्ही मुठी आवळून जागच्या जागी उड्या मारायला लागली. चवड्यांवर. अजिबात आवाज न करता. पलीकडच्या खोलीत दादा होता ना! अचानक आरडाओरडा झाला की दादाला त्रास होतो, हे तिला बोलायला लागल्यापासून ठाऊक आहे. तिला कुणी शिकवलं असं नाही, घरात वावरता वावरता ती शिकली. संध्याकाळी तिच्या मैत्रिणीच्या आईचा फोन आला, “अहो, तुमची लेक आमच्या गच्चीवर येऊन काय ओरडली हो! खालची माणसं वर बघायला लागली.” मी फोन ठेवला, न्हाणीत गेले, नळ सोडला आणि रडले. पोरगी आपला आनंद ओरडायला दुसऱ्याची गच्ची शोधते, आणि मला ते इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही ठरवून बेत केला. मुलाला आधी कार्डं दाखवली. त्याच्याकडे चित्रांची कार्डं असतात, रिंगेत ओवलेली. पुढे काय होणार ते त्याला बघायला मिळालं की निम्मी भीती जाते. पाहुणे, पेढे, बाबांबरोबर नदी, मग घर. पाच वाजता मिस्टर त्याला घेऊन आयर्विन पुलाकडच्या घाटावर गेले. पाच ते सात घर मुलीचं. मैत्रिणी आल्या, मोठ्याने गाणी लावली, नाचल्या, आजीलाही नाचवलं. सात वाजता सगळं आवरलेलं. तो आला, त्याने पेढा खाल्ला. हे आम्ही दहा वर्षांपूर्वीच करायला हवं होतं.

आणि आता ते दुसरे पेढे.

आमच्या चौकाच्या पलीकडे पिठाची गिरणी आहे, घरापासून चार-पाच मिनिटांवर. मुलाला तिथे एकट्याने दळण आणायला शिकवायचं, असं 2024 च्या जानेवारीत ठरवलं. त्याच्या शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या, “शेवटची पायरी आधी शिकवा.” म्हणजे उलटं. पहिले काही दिवस त्याने फक्त दारातून डबा घेऊन स्वयंपाकघरात ठेवायचा. मग फाटकापासून. मग चौकातून. म्हणजे दर वेळी काम पुरं करून घरी येणारा तोच. कुठेही अर्धवट सोडलं, जमलं नाही, असं त्याच्या वाट्याला येतच नाही. गिरणीच्या आवाजाचा प्रश्न मोठा होता. दोन महिने तो रस्त्याच्या अलीकडे, सायकलच्या दुकानापाशी, कानाला हेडफोन लावून नुसता उभा राहायचा. गिरणीवाल्या काकांनी एकदाही घाई केली नाही. तो पट्टा फिरताना बघायला आपण होऊन पुढे सरकला, त्याला एप्रिल उजाडला.

डब्यात नावाची चिठ्ठी, चार किलो गहू, किलोला सहा रुपये, चोवीस रुपये मोजून. आणि गहू असला की मी दर वेळी काकांना सांगायची, “गव्हावर गहू टाका हो.” दळण आणणाऱ्या प्रत्येकीला हे माहीत आहे. आधीचं बाजरीचं असलं तर आपल्या पिठात बाजरी उतरते, पोळ्या काळपट होतात. मुलगा शेजारी उभा राहून माझं वाक्य जसंच्या तसं म्हणायचा, माझ्याच सुरात, ‘हो’सकट. ऑटिस्टिक मुलं असं ऐकलेलं परत म्हणतात. बरेच जण त्याला पोपटपंची म्हणतात. ताईंनी सांगितलं होतं, तोडू नका, त्यातूनच भाषा फुटते. मी मान डोलावली होती, पण खरं सांगू, माझा विश्वास नव्हता.

या जूनच्या दुसऱ्या आठवड्यातला गुरुवार. गहू संपला होता, म्हणून पहिल्यांदाच त्याच्या हाती शाळूचा, म्हणजे ज्वारीचा, डबा दिला. आमच्याकडे भाकरी शाळूचीच. तो चौकातून वळला आणि पाच-सात मिनिटांत लाइट गेली. पंखा बंद झाला आणि माझ्या पोटात गोळा आला. गिरणी थांबली असणार. त्याच्या रिंगेत ‘लाइट गेली’ असं कार्ड नव्हतं. मुलगी चप्पल घालून निघाली होती, मीच तिला अडवलं. कसं अडवलं ते माझं मला माहीत. वीस मिनिटं गेली. तीस गेली. लाइट आली. आणखी वीस मिनिटं. मग जिन्यात त्याची पावलं वाजली. दोन्ही पाय एका पायरीवर टेकवून मगच पुढची चढतो, ते पाऊल मी हजारांत ओळखीन. त्याने डबा आणून स्वयंपाकघरात नेहमीच्या कोपऱ्यात ठेवला आणि हात धुवायला गेला. मी डब्याला हात लावला. अजून गरम होता. झाकण काढलं तर पांढरंशुभ्र पीठ, शाळूचा तो गोडसर वास.

संध्याकाळी काका स्वतः घरी आले. म्हणाले, “वहिनी, लाइट गेल्यावर तो पायरीवर बसून राहिला, हलला नाही. लाइट आली तशी गर्दी झाली. गहू चालू होता. मी गडबडीत त्याचा डबा उचलला, तर त्याने डब्यावर हात ठेवला आणि म्हणाला, शाळूवर शाळू टाका हो.”

मी त्यांना दोनदा विचारलं. गव्हावर गहू नाही म्हणाला? नाही, शाळूवर शाळू. हे वाक्य मी त्याच्यासमोर कधीच बोलले नव्हते. माझं वाक्य त्याने मोडलं, त्यातला गहू काढला, आपल्या डब्यातला शाळू घातला आणि घरचं कुणी शेजारी नसताना, गर्दीत, परक्या माणसाला ते सांगितलं. सतरा वर्षांत पहिल्यांदा.

“आई, पेढे,” मुलगी म्हणाली. आमच्या इमारतीत बारा घरं आहेत. अकरा घरी दोघं बहीण-भाऊ पेढे घेऊन गेले. बऱ्याच दारांत विचारलं, “निकालाचे तर देऊन झाले ना? आता कशाचे?” ती सांगायची, “दादाने एकट्याने दळण आणलं.” काही जण गप्प झाले, काहींनी डोळ्यांत पाणी आणलं, जे त्या वेळी आम्हाला नको होतं. तळमजल्यावरच्या आजींनी मात्र सगळं नीट विचारून घेतलं आणि म्हणाल्या, “आणि शाळूवर शाळू टाकायला लावलं? शाबास! मला अजून त्याच्याशी भांडावं लागतं.” एवढं अचूक कौतुक माझ्या मुलाचं आजवर कुणी केलेलं नाही.

पुढच्या वर्षी तो अठराचा होईल. मग 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे आम्हाला अर्ज करावा लागेल. तिथेही त्याला काय जमत नाही तेच मला पुन्हा एकदा सांगावं लागणार. ती कायद्याची गरज आहे, माझी तक्रार नाही. पण काय जमलं हे विचारणारं कुणी तरी असावं.

म्हणून तुमच्यामार्फत सत्कार भरवणाऱ्या सगळ्या मंडळांना आणि संस्थांना माझी कळकळीची विनंती आहे. गुणवंतांचे सत्कार करा, जोरात करा, माझ्या मुलीला तो आनंद हवाच आहे. पण आमच्या मुलांना बोलावणार असाल तर आठ दिवस आधी घरी या आणि त्याने या वर्षी नवीन काय केलं ते विचारा, तेच माइकवर सांगा. स्पीकर कमी ठेवा. टाळ्यांऐवजी हात वर करून हलवा, ऐकू न येणाऱ्यांच्या कार्यक्रमांत करतात तसं. शाल अंगावर न घालता हातात द्या, आणि त्याला स्टेजवर यायचंच नसेल तर नारळ खाली त्याच्यापाशी घेऊन या. आणि त्याची बहीण नाहीतर भाऊ कुठे बसलाय तेही बघा. ‘मात केली’ असं छापू नका. त्याने कशावर मात केलेली नाही, तो दळण आणायला शिकला आहे.

आणि संपादक महोदय, ‘अभिनंदन’च्या तुमच्या चौकटीत आठवड्यातून एखादी ओळ अशाही बातमीला द्याल का? फोटो नको, नाव नको. अमक्या गावच्या मुलीने पहिल्यांदा एसटीचं तिकीट स्वतः काढलं. अमक्याने लग्नात पंगतीत बसून पूर्ण जेवण केलं. ज्यांच्या घरी अशी मुलं आहेत, ते ती ओळ कापून देवघरात ठेवतील.

काल मुलीने एक नवीन चित्र काढून दादाच्या रिंगेत ओवलं. विझलेला बल्ब आणि गिरणीच्या पायरीवर बसलेला मुलगा. खाली तिच्या अक्षरात लिहिलंय, ‘लाइट गेली. थांबायचं.’ त्याने ते दोनदा वाचलं आणि रिंगेत गिरणीच्या कार्डाच्या अलीकडे सरकवून ठेवलं.

आपली,
एक आई
विश्रामबाग, सांगली
(मुलांसाठी नाव छापू नये, ही विनंती.)