पावसाळ्यापूर्वी उतरवलेले फ्लो मीटर : मित्रास पत्र

राजारामपुरी, कोल्हापूर
दि. 9 मे

प्रिय मित्र सतीश यास,
सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

तुझे पत्र परवा मिळाले. साखर कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंट विभागाचा कार्यभार तुझ्याकडे आल्याचे वाचून फार आनंद झाला. गाळप संपले, ओव्हरहॉलिंगसाठी लाईन उघडल्या, आता उतरवलेले फ्लो मीटर (लाईनमधला प्रवाह मोजणारी यंत्रे) पुढच्या मोळीपूजनापर्यंत कुठे आणि कसे ठेवायचे, असे तू विचारतोस. इतके हंगाम हे काम केल्यावर माझे मत असे झाले आहे की, लाईनमध्ये चालताना जितके मीटर बिघडतात त्याहून अधिक मीटर रॅकवर नुसते पडून बिघडतात. आणि हे बिघडणेही बहुधा रॅकवर जाण्याआधी, मीटर उतरवल्यानंतरच्या पहिल्या काही तासांतच ठरून गेलेले असते.

रसाच्या लाईनवरचा मॅग्नेटिक फ्लो मीटरच घे. तो उतरवतो तेव्हा आतल्या अस्तरावर चिकट थर असतो. थर ओला आहे तोवर कोमट पाणी आणि मऊ फडके एवढ्यावर काम भागते. पण मीटर दोन दिवस मिलच्या मागे उन्हात पडून राहिला की तोच थर कवचासारखा घट्ट बसतो आणि मग कोणीतरी हेल्पर उत्साहाने स्क्रू ड्रायव्हर घेऊन खरवडायला बसतो. टेफ्लॉनच्या अस्तरावरचा खोल ओरखडा भरून निघत नाही, आणि इलेक्ट्रोडच्या, म्हणजे अस्तरातून डोकावणाऱ्या धातूच्या टोकाच्या, कडेशी अस्तर उचलले गेले की तिथून ओल आत शिरते. म्हणून मी फिटरला सांगून ठेवले आहे की मीटर खाली आला की आधी धुवायचा, चहा नंतर.

उचलण्याचीही एक गोष्ट आहे. मोठ्या व्यासाचा मीटर उचलताना पोकळीतून पहार किंवा दोर घालणे सर्वांत सोयीचे वाटते आणि नेमके तेच करायचे नसते, कारण सगळे वजन अस्तरावर येते. पट्टा बाहेरून, बॉडीला घालावा; ट्रान्समीटरच्या, म्हणजे मोजमापाचा संदेश पुढे पाठवणाऱ्या भागाच्या, डब्याला धरून तर कधीच उचलू नये. नवा मीटर येतो तेव्हा दोन्ही फ्लँजवर लाकडी किंवा प्लास्टिकच्या चकत्या बसवलेल्या असतात. त्या आपल्याकडे पहिल्याच दिवशी भंगारात जातात. फ्लँजच्या तोंडावर दुमडलेले टेफ्लॉन मोकळे सोडले तर हळूहळू आपल्या मूळ आकाराकडे वळू लागते. ती दुमड दाबून धरणे हे त्या चकत्यांचे काम आहे. तुझ्याकडे त्या नसतील तर सुताराकडून प्लायवूडच्या चकत्या कापून घे आणि बोल्ट लावून ठेव. रबराचे अस्तर असेल तर त्याला ऊन दाखवू नकोस.

आता माझी चूक सांगतो. सुरुवातीच्या एका हंगामात ओव्हरहॉलिंगची इतर कामे आधी उरकण्याच्या नादात मीटर आवरायला जूनचा तिसरा आठवडा उजाडला. बाहेर धो धो पाऊस होता. मी प्रत्येक मीटर जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळला, चिकटपट्टीने हवाबंद केला आणि आपण फार नीटनेटके काम केले या समाधानात घरी गेलो. दसऱ्याच्या सुमारास पहिली पिशवी फाडली तर आतून पाण्याचे थेंब ओघळले. झाकण उघडून पाहतो तो टर्मिनलच्या स्क्रूंवर हिरवी बुरशी चढावी तसा तांब्याचा गंज. बाहेरची ओल आत जाऊ नये म्हणून केलेल्या बंदोबस्ताने मी जूनची दमट हवाच आत कोंडली होती. रात्री गारवा आला की तिचे पाणी होई आणि दिवसा पुन्हा वाफ. गुंडाळणे वाईट नाही, पण ते कोरड्या हवेत, मीटर पूर्ण वाळल्यावर आणि आत सिलिका जेलच्या पुड्या टाकूनच करावे. तुझ्या हातात अजून मे महिन्याचे तीन आठवडे आहेत. वळवाचा पाऊस पडून गेला की दोन दिवस थांब, पण मृग लागायच्या आत काम संपव.

सिलिका जेलचे निळे दाणे गुलाबी झाले म्हणजे त्यांची ओल शोषण्याची शक्ती संपली. ते टाकून देऊ नकोस. साधारण 120 अंश सेल्सियसला दोन तास भाजले की पुन्हा निळे होतात. प्रयोगशाळेतल्या ओव्हनसाठी केमिस्टसाहेबांशी गोड बोलावे लागते, हे ओघानेच आले. ऑगस्टमध्ये एकदा सगळे डबे उघडून दाणे बदलायचे, हा माझा आता दरवर्षीचा शिरस्ता आहे.

केबल काढल्यावर ग्लँडचे जे भोक उरते त्याकडे विशेष लक्ष दे. नव्या मीटरसोबत आलेले प्लास्टिकचे बूच केवळ वाहतुकीपुरते असते, त्याने पाणी अडत नाही. बॉडीवर आयपी 67 (धूळ आणि पाणी आत न शिरण्याचा दर्जा) लिहिलेले असले तरी ते झाकण घट्ट, ओ-रिंग शाबूत आणि सगळी तोंडे योग्य प्लगने बंद असतील तरच खरे. शिवाय आपला धंदा साखरेचा! उघड्या टर्मिनल बॉक्समध्ये मुंग्यांनी वारूळ केलेले मी स्वतः पाहिले आहे. दाबातला फरक मोजणाऱ्या डीपी ट्रान्समीटरच्या अर्ध्या इंची इम्पल्स नळ्या (त्याच्यापर्यंत दाब पोहोचवणाऱ्या) उघड्या राहिल्या तर कुंभारीण माशी त्यात मातीचे घर बांधते. ती माती आत वाळली की हंगामाच्या पहिल्या दिवशी वाफेचा प्रवाह शून्य दिसतो आणि सगळे जण ट्रान्समीटरला दोष देत बसतात.

वाफेच्या लाईनवरच्या ऑरिफिस प्लेटची मात्र कोणाला पर्वा नसते, कारण ती दिसायला नुसती भोक पाडलेली चकती. भोकातून जाताना वाफेच्या दाबात जो फरक पडतो त्यावरून प्रवाह मोजतात, आणि तिचे सगळे गणित प्रवाहाकडच्या बाजूच्या भोकाच्या धारदार कडेवर उभे असते. आयएसओ 5167 या मानकानुसार त्या कडेची गोलाई भोकाच्या व्यासाच्या 0.0004 पटीहून अधिक असता कामा नये. म्हणजे 100 मिलिमीटरच्या भोकाला फक्त 0.04 मिलिमीटर. प्लेटा एकावर एक रचल्या, किंवा एखादी फरशीवर सरकवली, की ही कड मरते. कड बोथट झाली की तेवढ्याच प्रवाहाला दाबातला फरक कमी पडतो आणि मीटर कमी वाफ दाखवतो. बॉयलरवाले आणि टर्बाईनवाले यांच्यात मग वर्षभर वाद. प्लेट पुसून, हलके गंजरोधक तेल लावून, कागदात गुंडाळून लाकडी खाच्यात उभी ठेव. बसवण्याआधी ते तेल पुसून काढ आणि कडेवर बॅटरीचा प्रकाश टाकून पाहा. धारदार कडेवर प्रकाश चमकत नाही. तिथे चकाकणारी रेघ दिसली तर कड बोथट झाली असे समज.

तुमच्या डिस्टिलरीकडे टर्बाईन मीटर असतील तर ते कॉम्प्रेसरच्या हवेने सुकवू देऊ नकोस. पाते भिंगरीसारखे फिरताना पाहायला मजा वाटते, परंतु द्रवात फिरण्यासाठी बनवलेली बेअरिंग त्या वेगाने खराब होतात. मळीच्या लाईनवरचा कोरिऑलिस मीटर (थरथरत्या नळ्यांवरून प्रवाह मोजणारा) गरम पाण्याने धुऊन, नळ्या पूर्ण रित्या होतील अशा बाजूला कलता करून निथळू द्यावा. काचेच्या रोटामीटरमधला फ्लोट (प्रवाहाने वर-खाली होणारा भाग) हलणार नाही असा अडकवून ठेवला की पुरे. बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रांतून सेल काढून ठेव.

मॅग्नेटिक मीटर ठेवण्यापूर्वी कॉईलचा रोध आणि अर्थशी इन्सुलेशन मोजून ते कार्डावर लिहून ठेवावे, म्हणजे ऑक्टोबरमध्ये तुलना करता येते. मेगर (इन्सुलेशन मोजण्याचे यंत्र) मात्र ट्रान्समीटरच्या तारा सोडवल्यावरच लाव. जोडलेल्या अवस्थेत 500 व्होल्ट दिलेस तर इलेक्ट्रॉनिक कार्ड जागीच जाईल. त्याच कार्डावर टोटलायझरचा (एकूण प्रवाहाचा) आकडा, सेन्सरचा अनुक्रमांक आणि कॅलिब्रेशन फॅक्टर (मोजमाप अचूक करणारा गुणक) लिही. फॅक्टर त्या त्या सेन्सरचा असतो, ट्रान्समीटरचा नव्हे. सारख्या दिसणाऱ्या दोन मीटरांची जोडी गोदामात बदलली, तर पुढे रसाचा आणि इम्बिबिशनच्या (उरलेला रस काढण्यासाठी चोथ्यावर सोडलेल्या) पाण्याचा हिशोब का जुळत नाही हे शोधताना पूर्ण हंगाम जातो.

राहता राहिला जागेचा प्रश्न. तुमचे स्टोअर नदीच्या बाजूला आहे, असे तू लिहितोस. पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ 43 फूट आहे आणि 2019 व 2021 या दोन्ही वर्षी पाणी 55 फुटांच्या पुढे गेले होते. शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला तो तेव्हाच. भिंतीवर त्या पाण्याची रेघ अजून असेल. खालचा कप्पा त्या रेघेच्या वर घे, आणि ते जमत नसेल तर ट्रान्समीटर तरी ऑफिसच्या माडीवर हलव. स्टोअरकीपर कुरकुर करतील, त्यांना करू दे.

येत्या रविवारी मी मोकळा आहे. सकाळी दहापर्यंत तुमच्याकडे पोहोचतो. तोवर उतरवलेल्या मीटरची यादी तयार ठेव आणि रसाचे दोन मोठे मीटर उघडून ठेव. आमचा मेगर दुरुस्तीला गेला आहे, तेव्हा तुमचा चार्ज करून ठेवायला विसरू नकोस. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा मित्र,
विजय