पातेलं आधी, सॉफ्टवेअर नंतर

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. घरी बनवायच्या बिअरची एकच रेसिपी, तेच २५ ग्रॅम हॉप्स (बिअरला कडूपण देणारी फुलं), आणि बिअरचा हिशेब करणाऱ्या एका सॉफ्टवेअरने कडूपण २९ आयबीयू (कडूपणाचं एकक) दाखवलं, दुसऱ्याने ३८. यातलं खरं कोणतं आणि मग सॉफ्टवेअर घ्यायचं कोणतं, असं तू विचारलंस. दोन्ही आकडे गणित म्हणून बरोबर आहेत आणि दोन्ही अंदाजच आहेत. हा फरक कुठून आला ते कळलं की निवडीचा अर्धा प्रश्न सुटतो, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

तुझ्या हॉप्समध्ये १० टक्के अल्फा आम्ल (कडूपणाचा मूळ घटक) आहे. २५ ग्रॅम म्हणजे २.५ ग्रॅम आम्ल, २० लिटरमध्ये लिटरमागे १२५ मिलिग्रॅम. यातला किती भाग उकळीत बदलून बिअरमध्ये उतरतो, यावर दोन सूत्रांचं एकमत नाही. वॉर्टची (माल्टमधून, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यातून, काढलेल्या गोड पाण्याची) ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेत घनता, १.०५० आणि उकळी ६० मिनिटांची असेल तर टिन्सेथचं सूत्र सुमारे २३ टक्के धरतं, म्हणजे २९. रेजरचं सूत्र जवळजवळ ३१ टक्के धरतं, म्हणजे ३८. शिवाय टिन्सेथच्या हिशेबात वॉर्ट जितकं दाट तितका उतारा कमी, रेजर १.०५० च्या पुढे गेल्यावरच दाटपणा मोजायला लागतो. बऱ्याच सॉफ्टवेअरांत सेटिंगमध्ये सूत्र बदलता येतं. तू टिन्सेथ लाव आणि पुन्हा हात लावू नकोस, कारण हल्लीच्या बहुतेक रेसिपी त्याच मापाने लिहिलेल्या असतात. तुझ्या जिभेला ३० म्हणजे काय हे एकदा कळलं, की सूत्र कोणतं याला फारसा अर्थ राहत नाही. सूत्र सतत बदलत राहिलास तर मात्र ती ओळख कधीच जमणार नाही.

जुनी रेसिपी उतरवताना आयबीयूच्या मागे न लागता ग्रॅम आणि अल्फा बघ. मूळ रेसिपीत १० टक्क्यांचे २५ ग्रॅम असतील आणि तुझ्या पाकिटावर ८ टक्के लिहिलं असेल तर साधं त्रैराशिक: ३१ ग्रॅम. सॉफ्टवेअरच्या यादीत प्रत्येक हॉपचा सरासरी अल्फा भरलेला असतो. पाकिटावरचा आकडा दर वेळी हाताने भरावा लागतो, आणि नेमकं तेच विसरलं जातं.

आता मुख्य मुद्दा. सॉफ्टवेअर चांगलं की वाईट हे रेसिपीच्या पानावर कळत नाही, उपकरणांच्या पानावर कळतं. तुझं पातेलं किती आटवतं, माल्टचा चोथा किती पाणी पितो, तळाशी गाळात किती जातं, हे वेगवेगळं भरू देतं का ते आधी बघ. जे देत नाही ते कितीही देखणं असलं तरी सोड.

हे आकडे मिळवायला माल्टचा दाणाही लागत नाही. पातेल्यात एकेक लिटर मोजून पाणी ओत आणि स्टीलच्या पट्टीवर प्रत्येक लिटरला खूण कर. मग २५ लिटर पाणी झाकण न ठेवता, नेहमीच्याच आचेवर, उकळी फुटल्यापासून बरोबर ६० मिनिटं उकळ. पूर्ण थंड झाल्यावर मोज. २१.५ लिटर उरलं तर तासाला ३.५ लिटर आटतं. गरम असताना मोजू नकोस. उकळतं पाणी थंड पाण्यापेक्षा सुमारे ४ टक्के जास्त जागा घेतं आणि तेवढ्यानेच जवळपास लिटरभर चूक होते.

आटणं लिटरमध्ये भरायचं, टक्क्यांत नाही. पाणी किती आटेल ते पातेल्याच्या तोंडावर आणि आचेवर ठरतं, आत किती आहे त्यावर फारसं नाही. २५ लिटरमधून ३.५ गेलं म्हणून १४ टक्के भरलंस आणि पुढे त्याच पातेल्यात १३ लिटरची छोटी बॅच लावलीस, तर सॉफ्टवेअर म्हणेल १.८ लिटर जाईल. जाईल पुन्हा साडेतीनच्या आसपास. मग वॉर्ट कमी, दाट, आणि तू चूक माल्टमध्ये शोधत बसणार.

पाण्याचा हिशेब सगळा थंड लिटरमध्ये मांड. फर्मेंटरमध्ये (आंबवण्याच्या भांड्यात) २०, गाळात १.५, आटण्यात ३.५, पाच किलो माल्टचा चोथा किलोमागे एक लिटर म्हणजे ५, नळीखाली अडकणारं अर्धा. एकूण ३०.५ लिटर. पिशवीतून मॅश करून (गरम पाण्यात माल्ट भिजवून) पिशवी पिळत असशील तर चोथ्याचं शोषण किलोमागे ०.६ ते ०.७ लिटरवर येतं. उकळीच्या सुरुवातीला पट्टीवर २६ लिटर दिसायला हवं (थंड मोजले तर २५). सॉफ्टवेअरने दिलेला आकडा असा एकदा हाताने ताळा करून बघ. अर्ध्या लिटरपेक्षा जास्त फरक पडला तर कुठला तरी रकाना चुकीचा भरला आहे.

दुसरा घोळ एफिशियन्सीचा. हा शब्द दोन अर्थांनी वापरतात आणि सगळ्यात जास्त बॅचेस याच गोंधळात चुकतात. मॅशची एफिशियन्सी म्हणजे माल्टमधली किती साखर पातेल्यात उतरली. ब्रूहाउसची म्हणजे किती फर्मेंटरपर्यंत पोचली. गाळात राहिलेल्या दीड लिटरबरोबर साखरही राहते. मॅश ७२ टक्के असेल तर २१.५ पैकी २० लिटर पुढे गेल्यावर ब्रूहाउस ६७ होते. पाच किलो साध्या पेल माल्टचं गणित कर: किलोमागे जास्तीत जास्त ३०९ पॉइंट-लिटर (ग्रॅव्हिटी १.०५२ म्हणजे ५२ पॉइंट, त्याला लिटरने गुणायचं). मॅश ७२ धरून २१.५ लिटरमध्ये ग्रॅव्हिटी १.०५२ येते. तेच ७२ ब्रूहाउसच्या रकान्यात लिहिलंस तर सॉफ्टवेअर १.०५६ दाखवतं. माल्ट तोच, चार पॉइंट हवेत. दोन्ही आकडे वेगवेगळे दाखवणारं सॉफ्टवेअर घे, आणि रेसिपी आयात केली की आधी कोणत्या एफिशियन्सीवर लिहिली आहे ते वाच.

सुरुवातीला ब्रूहाउस ६५ ठेव. तीन बॅचेस झाल्या की सरासरी काढून बदल. एका बॅचवरून बदलू नकोस, कारण वीस लिटरमध्ये एक लिटर मोजायला चुकलं तरी ५ टक्क्यांचा फरक पडतो आणि तो एफिशियन्सीसारखाच दिसतो. माल्ट भरडताना दाणे अख्खे राहिले तर मात्र आकडा खरंच पडतो. तिथे उपाय गिरणीच्या फटीत आहे.

आधणाचं, म्हणजे माल्ट भिजवायच्या गरम पाण्याचं, तापमान सगळीच सॉफ्टवेअरं काढून देतात. किलोमागे ३ लिटर पाणी, माल्ट २५ अंशांवर, मॅश ६७ अंशांवर हवा, तर आधण सुमारे ७२.७ अंश. माल्ट १५ अंशांवर असेल तर ७४. म्हणजे माल्टचं तापमान भरण्याचा रकाना हवाच, आणि मॅशचं भांडं वेगळं असेल तर ते थंड आहे की गरम हेही सांगता यायला हवं.

उशिरा टाकलेल्या हॉप्ससाठी एक चाचणी करून बघ. आच बंद केल्यावर ८० अंशांवर २० मिनिटं ५० ग्रॅम हॉप्स, असं टाक. कडूपणात काहीच भर दाखवली नाही तर ते सॉफ्टवेअर व्हर्लपूल (आच बंद केल्यावर गरम वॉर्टमध्ये हॉप्स भिजवणं) जाणतच नाही. नुसत्या टिन्सेथच्या सूत्रात उकळीचा वेळ शून्य म्हणजे कडूपण शून्य, पण ८० अंशांवरही अल्फा आम्ल हळूहळू बदलतं. सुगंधी, धूसर पेल एल (बिअरचा एक प्रकार) करायची असेल तर ही उणीव चालणार नाही.

दुसरी चाचणी लॅक्टोजची (दुधातल्या साखरेची). रेसिपीत अर्धा किलो लॅक्टोज घाल. सुरुवातीची ग्रॅव्हिटी सुमारे ९ पॉइंटनी वाढेल, आणि यीस्ट लॅक्टोज खात नसल्याने शेवटचीही तितकीच वाढायला हवी. शेवटचा आकडा थोडासाच हलला तर सॉफ्टवेअर त्याला साधी साखर समजतंय आणि अल्कोहोल फुगवून सांगतंय. मॅश ६४ वरून ६९ अंशांवर नेऊनही बघ. अनेक ठिकाणी शेवटची ग्रॅव्हिटी जागची हलत नाही, कारण हिशेब फक्त यीस्टच्या छापील टक्केवारीवर चालतो. हा दोष चालवून घेता येतो, माहीत असला म्हणजे झालं.

माल्टचा रंग भरताना एकक बघ. ईबीसी, एसआरएम आणि लोव्हिबाँड ही रंगाची एककं. ईबीसी हा एसआरएमच्या जवळपास दुप्पट असतो, लोव्हिबाँड एसआरएमच्या जवळचा. पाकिटावरचे १५० ईबीसी लोव्हिबाँडच्या रकान्यात गेले की बिअर कागदावर काळी होते.

यीस्टच्या पाकिटांचा आकडा डोळे मिटून मानू नकोस. १.०५० च्या २० लिटर एलला सुमारे १८६ अब्ज पेशी लागतात, लागरला (थंड आंबवायच्या बिअरला) त्याच्या दुप्पट. ११.५ ग्रॅमच्या कोरड्या पाकिटात ग्रॅममागे ६ अब्ज धरल्या तर ६९ अब्ज, २० अब्ज धरल्या तर २३०. म्हणून एक सॉफ्टवेअर तीन पाकिटं सांगतं आणि दुसरं एक. हा आकडा कुठे बदलता येतो ते शोधून ठेव. पाकीट बनवणाऱ्याने स्वतः सांगितलेलं प्रमाण मात्र पाळ.

बाटलीत भरताना घालायच्या साखरेपाशी खरंच जपून. सॉफ्टवेअर बिअरचं तापमान विचारतं, आणि बहुतेक जण त्या क्षणीचं तापमान लिहितात. हवं असतं ते आंबवण संपत आल्यापासून बिअरने गाठलेलं सर्वांत जास्त तापमान, कारण आधीच विरघळून राहिलेला वायू त्यावर ठरतो. २० अंशांवर आंबलेल्या बिअरमध्ये सुमारे ०.८६ व्हॉल्यूम (बिअरच्या आकारमानाच्या पटीत) वायू उरतो. २.४ हवा असेल तर लिटरमागे दर व्हॉल्यूमला ४ ग्रॅम धरून १९ लिटरला ११७ ग्रॅम साखर. तीच बिअर नंतर २ अंशांवर थंड केली म्हणून तू २ लिहिलंस, तर सॉफ्टवेअर १.६ व्हॉल्यूम आधीच आहे असं धरून ६१ ग्रॅम सांगेल आणि बिअर मिळमिळीत होईल. उलट बाजू जास्त धोक्याची: आंबवण पुरतं संपलेलं नसताना हिशेब अचूक असला तरी बाटल्या फुटतात. दोन-तीन दिवसांच्या अंतराने हायड्रोमीटरचं (ग्रॅव्हिटी मोजणाऱ्या तरंगत्या नळीचं) वाचन तेच आलं पाहिजे. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाशाच्या वळण्यावरून साखर मोजणारं उपकरण) वापरत असशील तर अल्कोहोल आल्यावर त्याचं वाचन जास्त येतं, ते सुधारून देणारा कॅल्क्युलेटर सॉफ्टवेअरमध्ये आहे का बघ.

पाण्यातल्या क्षारांचा हिशेब जमेल तेव्हा कर. १० लिटरमध्ये १ ग्रॅम जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) म्हणजे कॅल्शियम २३ आणि सल्फेट ५६ पीपीएम (दहा लाखांत भाग), एवढं लक्षात ठेवलंस तरी सॉफ्टवेअरचा ताळा घेता येतो. मॅशच्या पीएचसाठी ब्रून वॉटर ही स्प्रेडशीट खोलात जाते, पण तुझ्या पाण्याचा तपासणी अहवाल हाती नसेल तर कोणत्याही सॉफ्टवेअरचा पीएच हवेतलाच.

आता नावं. बिअरस्मिथ कॉम्प्युटरवर बसवायचं. उपकरणांचं पान सखोल, व्हर्लपूल आणि समुद्रसपाटीपासूनची उंचीही विचारात घेतं, पण पडदा रकान्यांनी भरलेला असतो आणि सवय व्हायला दोन-तीन बॅचेस जातात. ब्रूफादर ब्राउझरमध्ये आणि फोनवर चालतं, ब्रू करण्याच्या दिवशी वेळा लावून देतं, फर्मेंटरमध्ये तरंगणाऱ्या डिजिटल हायड्रोमीटरची वाचनं घेतं. फुकट वापरात रेसिपींच्या संख्येवर मर्यादा आहे. ब्रूअर्स फ्रेंडची सुटी कॅल्क्युलेटरं ताळ्याला फार उपयोगी. ब्रूटार्गेट मुक्त-स्रोत आहे, साधं आहे, इंटरनेटशिवाय चालतं. तू पातेल्याशेजारी फोन ठेवून काम करतोस, म्हणून माझं मत ब्रूफादरला. सगळं स्वतःच्या कॉम्प्युटरवर हवं असेल तर बिअरस्मिथ.

काहीही घे, पण रेसिपी बाहेर काढता आल्या पाहिजेत. ब्रूटोड नावाची लोकप्रिय सेवा २०१८ च्या अखेरीस बंद झाली आणि ज्यांनी वेळेत फायली उतरवल्या नाहीत त्यांच्या नोंदी गेल्या. बिअरएक्सएमएल (रेसिपी साठवण्याचा फाइलचा साचा) बहुतेक सगळीकडे चालतं, पण त्यात सगळं मावत नाही. व्हर्लपूलचं तापमान त्यात लिहायला जागाच नाही, आणि आटणं टक्क्यांतच जातं. बिअरजेसन हा नवा साचा जिथे मिळेल तिथे तो वापर. दर बॅचनंतर फाइल उतरवून ठेव आणि वहीत पाच ओळी लिही: माल्टचं वजन, उकळीआधीचे लिटर आणि ग्रॅव्हिटी, फर्मेंटरमधले लिटर आणि ग्रॅव्हिटी, हॉप्सचे ग्रॅम आणि अल्फा, शेवटची ग्रॅव्हिटी. तेवढ्यावरून कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये ती बॅच पुन्हा उभी करता येते.

पाण्याची चाचणी झाली की आटण्याचा आणि गाळाचा आकडा मला पाठव. गाळाचा आकडा पाण्यावरून कळणार नाही, त्यासाठी पहिल्या बॅचनंतर तळाशी उरलेलं मापाच्या भांड्यात ओतून बघ.

तुझाच मित्र

ता. क. कॅल्शियम क्लोराइडची बरणी उघडी ठेवू नकोस. ते हवेतलं पाणी ओढतं, आणि मग काट्यावरच्या एका ग्रॅममध्ये क्षार किती, हे सॉफ्टवेअरला कळायला मार्ग नाही.