ट्राउट जलाशयातील पाइक सहलीबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग, पुणे कार्यालय

विषय: इंग्लंडमधील ‘ट्राउट आणि पाइक’ मासेमारी सहलीची दिशाभूल करणारी जाहिरात, चुकीचा हंगाम, अपुरी साधने आणि त्यामुळे मेलेला मासा.

महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या कंपनीमार्फत यंदा जुलैअखेर आम्ही काही मित्र इंग्लंडला मासेमारीच्या सहलीवर गेलो होतो. पूर्ण रक्कम आगाऊ भरली होती. आमच्यापैकी प्रत्येकजण पवना-मुळशीच्या काठांवर अनेक वर्षे गळ टाकत आला आहे. मरळ कुठे बसतो, खडस कधी ओढ घेतो, हे आम्हाला कळते. त्यामुळे ही तक्रार सहलीत जेवण गार मिळाले किंवा खोली लहान होती अशा स्वरूपाची नाही. हॉटेल आणि प्रवास उत्तम होता, त्याबद्दल आभार. तक्रार मासेमारीबद्दल आहे, आणि सहल त्यासाठीच होती.

आपल्या माहितीपत्रकातले वाक्य असे: ‘इंग्लंडच्या ट्राउट जलाशयांत आमच्या पाहुण्यांसाठी खास सोडलेले राक्षसी पाइक, हमखास पकड!’ (ट्राउट हा गोड्या पाण्यातला मासा, आणि पाइक हा त्याला खाणारा मोठा शिकारी मासा.) हे वाक्य खोटे आहे. पुढे जे जे बिघडले त्याचे मूळ मला याच वाक्यात दिसते, म्हणून आधी त्याविषयी सविस्तर लिहितो.

पहिल्या जलाशयावरच्या कर्मचाऱ्यांना आम्ही हे वाक्य भाषांतर करून सांगितले तेव्हा त्यांना धक्का बसला. ते म्हणाले, आम्ही इथे फक्त ट्राउट सोडतो, पाइक कधीच सोडलेले नाहीत. इंग्लंडमध्ये नदी-तलावात कोणताही मासा सोडायचा तर एन्व्हायर्नमेंट एजन्सी या सरकारी पर्यावरण संस्थेचा परवाना घ्यावा लागतो, आणि 2015 च्या नियमांनंतर तर यात काहीच संदिग्धता उरलेली नाही. पर्यटकांसाठी कुणी टाकीतून पाइक आणून ओतत नाही. पाइक हा तिथल्या नद्यांचा मूळचा मासा. धरण बांधले की ओढ्यातले, नदीतले पाइक आपोआप आत अडकतात. काही जलाशय नदीचे पाणी पंपाने उचलून भरले जातात, त्या पाण्याबरोबर अंडी आणि पिल्लेही येतात. ग्रॅफम वॉटरमध्ये ग्रेट ऊझ नदीचे पाणी येते, रटलंड वॉटरमध्ये नीन आणि वेलंड नद्यांचे. मग तिथे दरवर्षी किलोभराच्या आसपासचे रेनबो ट्राउट सोडले जातात, ते खाऊन पाइक वाढतो. वाढतो म्हणजे किती, तर 1992 साली वेल्समधल्या लँडेगवेथ जलाशयात 46 पौंड 13 औंसांचा, ब्रिटनमधला विक्रमी पाइक मिळाला, आणि तो विक्रम फेब्रुवारी 2024 मध्ये इंग्लंडमधल्या च्यू व्हॅली लेकवर 47 पौंड 5 औंसांच्या, म्हणजे सुमारे साडेएकवीस किलोंच्या पाइकने मोडला. दोन्ही पाणी ट्राउटचेच. आपल्याला जाहिरात करायचीच होती तर ही खरी गोष्ट कितीतरी जास्त ओढ लावणारी होती!

शिकारी मासा ‘सोडला’ असे अभिमानाने छापणे किती बेजबाबदार आहे, हेही सांगणे भाग आहे. झँडर हा युरोपातला शिकारी मासा 1878 मध्ये इंग्लंडमधल्या वोबर्न ॲबीच्या तलावात आणला गेला. 1963 मध्ये त्याची 97 पिल्ले ग्रेट ऊझच्या रिलीफ चॅनलमध्ये सोडली. शंभरसुद्धा नाहीत! त्यानंतर तो पूर्व इंग्लंडच्या नद्या-कालव्यांत पसरला आणि आज कालव्यांमधून त्याला काढून टाकण्यासाठी विजेचा झटका देणारी यंत्रे घेऊन माणसे फिरतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या लेक डेव्हिस या ट्राउट जलाशयाची कथा याहून वाईट आहे. तिथे कुणीतरी चोरून आणलेले पाइक 1994 मध्ये सापडले. ट्राउट जातील, आणि पाइक खालच्या नद्यांत उतरून सामनचाही फडशा पाडतील, या भीतीने सरकारने 1997 मध्ये अख्ख्या जलाशयात रोटेनोन हे विष घातले. पोर्टोला गावाचे पिण्याचे पाणी त्याच जलाशयातून जात होते. गावकरी रस्त्यावर उतरले. आणि 1999 मध्ये पाइक पुन्हा दिसले. 2007 मध्ये पुन्हा विष घालावे लागले.

आपल्याकडे थाई मांगूर या परदेशी शिकारी माशावर 2000 सालापासून बंदी आहे, तरी चोरून त्याची तळी चालतात आणि प्रशासनाला ती उद्ध्वस्त करावी लागतात. अशा महाराष्ट्रात बसून आपण मराठी वाचकांना सांगता की हौसेसाठी शिकारी मासे जलाशयात सोडले जातात आणि ती चांगली गोष्ट आहे. उद्या कुणा उत्साही माणसाने हे वाचून कोकणातल्या किंवा मावळातल्या धरणात असला प्रयोग केला, तर त्याची जबाबदारी कोण घेणार?

आता सहलीत काय झाले ते.

‘सर्व परवाने समाविष्ट’ असे बुकिंगच्या पावतीवर लिहिले आहे. इंग्लंडमध्ये गळ टाकणाऱ्या, तेरा किंवा अधिक वर्षांच्या प्रत्येकाकडे रॉड लायसन्स, म्हणजे गळाने मासे धरण्याचा परवाना, असणे सक्तीचे आहे, नसेल तर अडीच हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. पहिल्या सकाळी जलाशयाच्या कार्यालयात कळले की आमच्यापैकी एकाचेही लायसन्स काढलेले नाही. आपल्या मार्गदर्शकाने ‘कोणी तपासत नाही’ असे उत्तर दिले. आम्ही तिथेच उभे राहून फोनवरून लायसन्स काढली. पावत्या सोबत जोडल्या आहेत.

त्याच कार्यालयात दुसरी गोष्ट कळली. तिथे उन्हाळा हा ट्राउटचा हंगाम, आणि त्या काळात फक्त फ्लाय (हलकी कृत्रिम माशी) चालते. लुअरने (माशासारख्या कृत्रिम आमिषाने) पाइक धरण्याचे दिवस वेगळे ठरवलेले असतात, शरद ऋतूत आणि थंडीत. हे त्यांच्या नियमपत्रकात पहिल्याच पानावर छापलेले आहे. आपण मात्र आम्हाला लुअरचे रॉड आणि ट्रेबल (तीन काट्यांचे) हुक देऊन जुलैत पाठवले. तिथल्या लोकांनी स्वतःचे फ्लाय रॉड उसने दिले, तासभर काठावर उभे राहून फेकायला शिकवले, आणि आमच्या मित्राला एक सुरेख ट्राउट मिळाला. तो दिवस वाचला तो त्या परक्या माणसांमुळे.

दुसऱ्या दिवशी मार्गदर्शकाने आम्हाला लुअर चालणाऱ्या एका लहान जलाशयावर नेले. पाणी कोमट होते, वारा नव्हता. कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो. त्यात पाइक ताकदीने झुंजतो, लवकर दमतो आणि दमलेला मासा सावरत नाही. म्हणून जाणकार लोक उन्हाळ्यात पाइकच्या मागे जात नाहीत. हे आम्ही मार्गदर्शकाला विचारले. त्याने ‘तुमचे पैसे वसूल व्हायला हवेत ना’ असे म्हणून बोटी पाण्यात लोटल्या.

दोरीच्या टोकाला पोलादी तार नव्हती, साधे नायलॉन होते. पाइकच्या तोंडात शेकडो दात असतात, नायलॉन त्यापुढे टिकत नाही. पहिलाच मासा दोरी तोडून गेला, जबड्यात लुअर तसाच घेऊन. तेव्हाच मासेमारी थांबवायला हवी होती, आणि आमच्या बोटीवरच्यांनी ती थांबवली. दुसऱ्या बोटीवर मार्गदर्शक स्वतः होता. त्यांना दुपारी मीटरभर लांबीची मादी लागली. काटा घशात खोल गेला होता. लांब चिमटा नाही, मासा ठेवायला ओली गादी नाही. गाडीच्या टूलकिटमधली पक्कड घेऊन तो खटपट करत होता, मासा बोटीच्या तापलेल्या फळीवर आपटत होता, कल्ल्यांतून रक्त येत होते. मग फोटो. एक उभा, एक आडवा, एक कंपनीचा फलक धरून. त्यानंतर तिला पाण्यात सोडले तर ती पोट वर करून तरंगू लागली. आमच्या बोटीने जवळ जाऊन तिला बराच वेळ सरळ धरून ठेवले. कल्ले हलायचे थांबले.

मी मांसाहारी आहे, मासे मारतो आणि खातो. इथे दुःख वेगळे आहे. मोठी मादी गेली की त्या पाण्यात काय होते हे तिथल्या जलाशयांनी अनुभवलेले आहे. पूर्वी पाइकला ट्राउटचा वैरी समजून जाळी लावून मोठे पाइक काढून मारत असत. पण मोठा पाइक लहान पाइकनाही खातो. तो गेला की लहान पाइकची संख्या वाढते आणि सोडलेल्या ट्राउटवर त्यांचाच ताण येतो. म्हणून आज शहाणे व्यवस्थापक मोठ्या पाइकला जपतात, ठरलेल्या दिवशी मोजक्या बोटी सोडतात आणि प्रत्येक बोटीवर गादी, चिमटा, तार आहे का ते पाहतात. ही काळजी आपल्या माणसाच्या गावीही नव्हती. कारण त्याच्या डोक्यात तेच वाक्य होते: मासे पाहुण्यांसाठी सोडलेले आहेत, एक मेला तर दुसरा सोडतील.

आणखी एक गोष्ट, छोटी वाटेल पण नाही. एका जलाशयातून निघालेली ओली जाळी, ओले बूट तसेच गाडीत टाकून आम्हाला दुसऱ्या जलाशयावर नेले गेले. ग्रॅफम वॉटरमध्ये 2010 साली ‘किलर श्रिंप’ हा झिंग्यासारखा परदेशी जीव पहिल्यांदा सापडला, तेव्हापासून तिथे ‘तपासा, धुवा, सुकवा’ असे फलक धक्क्या-धक्क्यावर लावलेले आहेत. आमची गाडी अशाच एका फलकासमोर उभी होती.

परत आल्यावर आपल्या कार्यालयात फोन केला. ताईंनी शांतपणे ऐकून घेतले, पण वरिष्ठांचे उत्तर म्हणून सांगितले की ‘मासा मिळणे-मरणे हा निसर्गाचा भाग आहे, कंपनी जबाबदार नाही.’ त्यानंतरच्या आठवड्यात त्या मेलेल्या मादीचा फोटो आपल्या जाहिरातीत आला, वर ‘पकडा आणि सोडा’ असे लिहून. हे पाहून आमच्यातल्या सगळ्यांनाच फार लागले.

माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. तो फोटो आणि ‘खास सोडलेले पाइक’ हे वाक्य सगळीकडून तातडीने काढावे आणि जिथे ते छापले तिथेच दुरुस्ती छापावी. लायसन्सचे पैसे आणि दुसऱ्या दिवसाच्या बोटी व मार्गदर्शकाचे शुल्क परत करावे. पाइकची सहल फक्त थंडीत, जलाशयाने ठरवलेल्या दिवशीच ठेवावी आणि पोलादी तार, लांब चिमटा, गादी, काटेदार टोक नसलेले हुक यांशिवाय कुणालाही बोटीत बसवू नये. आपल्या नव्या हिवाळी पत्रकात ‘खोल पाण्यातले झँडर, पकडा आणि सोडा’ असे दिसते. तेही बदलावे. झँडरची हवेची पिशवी बंद असते, त्यामुळे फार खोलातून झटकन वर आणले की ती फुगते आणि सोडलेला मासा बहुधा जगत नाही. पाइकचे तसे नसते. हा फरक माहीत असलेला मार्गदर्शक नेमावा.

हे पत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी उत्तर द्यावे. तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा 2019 अन्वये दिशाभूल करणारी जाहिरात आणि सेवेतील त्रुटी यांबद्दल पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे आम्ही एकत्र तक्रार दाखल करू. माहितीपत्रक, बुकिंगची पावती, लायसन्सच्या पावत्या, त्या दुपारचे व्हिडिओ आणि आपल्या जाहिरातीची प्रत सोबत जोडली आहे.

आपला,
(सही)
सहलीतील सर्व सहभागींच्या वतीने, पुणे