‘गाठ’ या शब्दापायी

विश्रामबाग, सांगली

प्रिय सुमन,

सप्रेम नमस्कार. वाईहून पाठवलेला तुझा सोनोग्राफीचा रिपोर्ट पाहिला. गर्भाशयाच्या भिंतीत ४ सेंटीमीटरची गाठ, हिमोग्लोबिन ८ आणि खाली तुझा प्रश्न, “पिशवी काढून टाकू का? उद्या कॅन्सर झाला तर?” हा प्रश्न मला रोज कुणीतरी विचारते. मला वाटते, पोटातलीही गाठ आणि छातीतलीही गाठच, या एका शब्दापायी बायका नको तिथे घाबरतात आणि हवे तिथे निर्धास्त राहतात.

तुझी ही गाठ म्हणजे फायब्रॉइड, गर्भाशयाच्या स्नायूचीच वाढ. पन्नाशीपर्यंत बहुसंख्य स्त्रियांत ती असते, पुष्कळजणींना तिचा पत्ताही लागत नाही, आणि तिच्या जागी कर्करोग निघणे फार क्वचित घडते. ती इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकावर पोसते, त्यामुळे पाळी गेल्यावर बहुधा आक्रसते. तुझा खरा त्रास आहे तो अंगावरून जास्त जाण्याचा आणि त्यातून आलेल्या रक्तक्षयाचा. तेव्हा आधी लोह भरून काढायचे, पाळीच्या दिवसांत रक्तस्राव कमी करणारे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड घ्यायचे आणि आतली पोकळी वाकडी झालेली नसेल तर तांबीसारखे, पण संप्रेरक सोडणारे साधन बसवण्याचा विचार करायचा. मात्र तुझे वय ४६ आहे, म्हणून गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा नमुना तपासून घेणे मी तुला टाळू देणार नाही.

एवढ्याने भागले नाही तर नुसती गाठ काढता येते किंवा तिचा रक्तपुरवठा तोडता येतो. पिशवी काढणे हाही योग्य उपाय ठरू शकतो, पण तो पहिला नव्हे, आणि तेव्हाही बीजकोश शक्यतो ठेवायला सांग. आपल्याकडे ऊस तोडायला येणाऱ्या बीडच्या बायकांच्या पिशव्या ऐन तिशीत काढल्या गेल्याचे २०१९ मध्ये गाजले, ते आठवून मला अजून संताप येतो.

छातीचे नेमके उलट. “दुखत नाही ना, मग असू दे,” म्हणत बायका महिने काढतात. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेकदा दुखतच नाही. (हळदीच्या पेठेत राहून हळदीशी माझे भांडण नाही, पण लेपाने अशी गाठ विरत नाही.) बहुतेक गाठी साध्याच निघतात, तरी ते तपासल्यावरच म्हणायचे. सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी हाताने तपासणी होते. तुझ्या मावशीला छातीचा कर्करोग झाला होता, तेव्हा तू मॅमोग्राम, म्हणजे छातीचा क्ष-किरण फोटो, काढून घे. पट्ट्यांमध्ये काही सेकंद दाब बसतो, आणि किरणांची मात्रा फार थोडी असते. गर्भाशयातल्या गाठीतून छातीचा कर्करोग होतो, ही भीती मात्र मनातून काढून टाक.

मॅमोग्रामसाठी पाळी संपल्यावरच्या आठवड्यात ये, तेव्हा छाती कमी दुखरी असते. पावडर किंवा डिओडरंट लावू नकोस, आणि साडीच नेस, म्हणजे कमरेच्या वरचेच कपडे काढावे लागतील. जुने रिपोर्ट सोबत आण.

तुझी,
वासंती