ताई, त्या रविवारबद्दल

ताई,

एजंटाने खोट्या वजावटी घालून भरलेला माझा आयकर रिटर्न तुम्ही दुरुस्त करून दिलात आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. पेढे आणले तर त्यातले अर्धे आमच्या पोरीच्या हातात परत दिलेत. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत, कारण नाशिकच्या सातपूरमधल्या आमच्या कारखान्यातले आणखी अकरा जण त्याच एजंटाकडे गेले होते.

जुलै 2025 मध्ये खोट्या वजावटी दाखवून रिफंड काढून देणाऱ्यांवर आयकर खात्याने देशभरात दीडशे ठिकाणी धाडी टाकल्या. बातमी कँटीनमध्ये मोबाइलवर फिरली आणि मला डबा जाईना. एजंटाचा फोन बंद, दुकानाला कुलूप. शेवटी त्या रविवारी फॉर्म सोळा, म्हणजे पगाराचा आणि कापलेल्या कराचा कंपनीचा दाखला, घेऊन तुमच्या दारात आलो. तुम्ही सी.ए. सरांकडे आर्टिकलशिप, म्हणजे सी.ए. होण्याआधीची उमेदवारी, करता, एवढंच मला माहीत होतं.

आधार ओटीपीने तुम्ही आयकर खात्याचं पोर्टल उघडलंत. प्रोफाइलमध्ये माझ्या नावाचा एक ईमेल होता, पुढे चार आकडे. असा ईमेल मी जन्मात काढलेला नाही. रिटर्न भरण्यापुरता एजंटानेच तो काढून सोडून दिला होता. खात्याने सावध करणारं काही पाठवलं असेल तर ते त्या बेवारस डब्यात पडून.

मग 2022-23 या आर्थिक वर्षाचा रिटर्न निघाला. राजकीय पक्षाला देणगी 40,000. उच्च शिक्षणाच्या कर्जाचं व्याज 25,000. मी आजवर कुठल्या पक्षाला मताशिवाय काही दिलेलं नाही, आणि घरात सगळ्यात जास्त शिकणारी माझी मुलगी तिसरीत आहे! तुम्हाला हसू आलं, मलाही आलं असतं.

हिशोब तुम्ही वहीच्या मागच्या पानावर मांडलात. पगार 6,20,000. त्यातून प्रमाणित वजावट 50,000 आणि पी.एफ. 45,000 गेले की उरले 5,25,000. कर मोजायच्या जुन्या पद्धतीत पाच लाखांच्या आत बसलं की कर शून्य, पण मी पंचवीस हजारांनी वर, म्हणून 18,200 कापलेले. एजंटाने त्या दोन खोट्या वजावटींनी मला पाच लाखांच्या खाली ढकललं आणि सगळेच्या सगळे 18,200 परत आले. त्यातले अठराशे त्याने घेतले. रिटर्नला पावती जोडावी लागत नाही, यावरच त्याचा धंदा.

मी म्हणालो, "ताई, त्याने फसवलं हो मला." तुम्ही पेन खाली ठेवून विचारलंत, "दादा, रिफंड आला तेव्हा त्याचं काय केलंत?"

फ्रिज घेतला होता. आणि कापलेला कर अख्खा परत कसा आला, हे मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं. तुम्ही पुढे एक अक्षर बोलला नाहीत, पण त्यानंतर "फसवलं" हा शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. मला आभार मानायचेत ते खरं म्हणजे याचे. फॉर्म काय, दुसऱ्यानेही भरून दिला असता.

सुधारित नव्हे, तर त्याची मुदत उलटल्यावरही भरता येणारा अद्ययावत रिटर्न भरायचा, हे तुम्ही समजावलंत. 18,200 परत, त्यावर किरकोळ व्याज, आणि या दोन्हींच्या बेरजेच्या निम्मा जादा कर, म्हणजे 9,100 हून थोडा जास्त. मार्च 2025 च्या आत आलो असतो तर निम्म्याऐवजी पाव पडला असता. आणि गप्प बसून पकडला गेलो असतो तर खोट्या माहितीचा दंड कराच्या दुप्पट, 36,400 पर्यंत. पतसंस्थेतून उचल घेतली आणि चलन भरलं. खात्याच्या म्हणण्याप्रमाणे धाडींच्या आधीच्या चार महिन्यांत चाळीस हजार लोकांनी असेच रिटर्न दुरुस्त करून 1,045 कोटींचे खोटे दावे मागे घेतले, हे तुम्ही वाचून दाखवलंत तेव्हा जरा धीर आला. आपण एकटे नाही याचा धीर, अभिमान नव्हे.

आता नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंत कर नाही, म्हणजे आमच्यासारख्यांना खोटं बोलायचं कारणच उरलं नाही. जुनं मात्र निस्तरावं लागतंय. अकरापैकी दोघांना छाननीची नोटीस आधीच आली होती. त्यांना हा रस्ता बंद, म्हणून तुम्ही त्यांना सरांकडे धाडलंत. पाच जणांचं झालं. उरलेले चौघे येत्या रविवारी येतील. फॉर्म सोळा आणि आधारला जोडलेला मोबाइल घेऊनच यायचं, असं बजावून ठेवलंय. भजी आमच्या घरून येतील, त्याला नाही म्हणू नका.

तुमचा,
खालच्या मजल्यावरचा दादा